मंडळीला शनिवारी काय कळवू?

मिरजेची एक वाचक, वय २८, पेशाने नर्स. सध्या ती स्वित्झर्लंडमधल्या ह्युएमो या गावी, लाब्री नावाच्या ख्रिस्ती निवासी अभ्यासगृहात तीन महिन्यांसाठी राहते आहे. तिचं पत्र थोडं कमी करून देते.

"मावशी, सलाम. माझ्या तिकिटाचे निम्मे पैसे आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, खास दानार्पण गोळा करून दिले. निघताना पाळकसाहेब म्हणाले, दर शनिवारी चार ओळी पाठव, रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवू आणि ग्रुपवरही टाकू. सुरुवातीला मी डोंगर, थंडी, जेवण, कामं असं लिहीत होते. मग साहेबांचा फोन आला. 'हे ठीक आहे, पण प्रभू तिथे काय करतो आहे ते लिही. साक्षी लिही. किती जण प्रभूकडे आले?' मग मी माझ्या खोलीतल्या मुलीबद्दल लिहिलं. भांडी घासताना तिने मला तिच्या घटस्फोटाची गोष्ट सांगितली होती. मी तिचं नाव आणि देश लिहिला आणि प्रार्थना करा म्हटलं. मंडळीतल्या एका ताईंनी तिला फेसबुकवर शोधून काढलं आणि 'आम्ही तुझ्या मोडलेल्या संसारासाठी उपास धरला आहे' असा मेसेज पाठवला. आता ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी प्रार्थनेसाठीच लिहिलं होतं ना? पुढे काय लिहू?

आणि अजून एक. बरेच दिवस झाले, मला स्वतःलाच प्रार्थना करता येत नाही. इथे सगळे मोकळेपणी प्रश्न विचारतात, त्यात माझेही वर आले. बाबा मंडळीत वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, आहेत. घरी माझ्यासाठी एक स्थळ बघणं चालू आहे. हे कळवावं का? 'प्रभूने खूप आशीर्वाद दिला' असं लिहिते तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटतं."

प्रिय मुली, सलाम.

आधी त्या मुलीचं बघू. बाकी सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल.

तू प्रार्थनेसाठीच लिहिलंस, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तिच्यासमोर जाशील तेव्हा हे वाक्य तोंडातून निघू देऊ नकोस. "मी तुझी गोष्ट तुला न विचारता माझ्या मंडळीला लिहिली. माझं चुकलं." इतकंच म्हण आणि थांब. प्रार्थनेचं कारण पुढे केलंस की तिची पंचाईत होते. ती रागावली तर प्रार्थनेवर रागावल्यासारखं होतं, म्हणून ती राग गिळते आणि वर तुलाच समजून घेते. दुखावलेल्या माणसावर हा भार टाकू नये.

एक गोष्ट कदाचित तुझ्या लक्षात आली नसेल. तुझा मजकूर मराठीत आहे. तिला तो वाचता येत नाही. तिच्या हाती आलाय तो फक्त त्या ताईंचा मेसेज, आणि त्यावरून तू काय काय लिहिलं असशील याचा ती मनाशी अंदाज बांधत असणार. असे अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असतात. म्हणून तिची तयारी असेल तर फोन काढ आणि लिहिलेलं सगळं तिला इंग्रजीत ओळीनओळ सांग. काही गाळू नकोस, काही सौम्य करू नकोस. ग्रुपवर साधारण किती माणसं आहेत, मजकूर चर्चमध्ये वाचला गेला का, हेही सांग. आपल्याबद्दल कोणाला काय ठाऊक आहे हे कळण्याचा तिला अधिकार आहे. नंतर ती गप्प राहिली तर राहू दे. क्षमा मागणं तुझ्या हातात आहे, मिळवणं नाही. तुमच्या घराची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्या जोडप्यालाही हे तूच सांग, दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी.

मग मिरजेला फोन कर. पाळकसाहेबांना म्हण, तो मजकूर ग्रुपवरून काढून टाका आणि कोणी पुढे पाठवला असेल तर त्यांनाही पुसायला सांगा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फार दिवस झाले नसतील तर दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. सगळं परत येणार नाही हे धरून चाल. त्या ताईंना मात्र कोणी बोल लावू नये. अनोळखी मुलीसाठी त्यांनी खरोखर उपास धरला, ही लहान गोष्ट नाही. फक्त त्यांनी आता त्या मुलीला काहीही पाठवू नये. माफीसुद्धा नाही. तिने मागितली तरच.

आता तुझा मोठा प्रश्न, पुढे काय लिहायचं. तू नर्स आहेस, त्यामुळे उत्तर तुला माहीत आहेच. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक "त्या बाईंना काय झालंय हो?" असं अगदी कळवळून विचारतात तेव्हा तू केसपेपर उघडून दाखवत नाहीस. त्यांचा कळवळा खरा असतो, तरीही नाही. भांडी घासताना तिने सांगितलेली गोष्ट हा तसाच तिचा केसपेपर होता. राहण्या-जेवणाच्या, एकत्र काम करण्याच्या ठिकाणी माणसं बोलती होतात, कारण हात कामात असतात आणि समोर कोणी टाचण काढत नसतं. लाब्रीचं सगळं घर या भरवशावर उभं आहे. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस काम, जेवणाच्या टेबलावर कोणी एक प्रश्न टाकायचा आणि थाळ्या रिकाम्या झाल्या तरी बोलणं चालू ठेवायचं. तिथे बोललेलं दर रविवारी मिरजेत वाचलं जातं असं कळलं, तर टेबलावर फक्त हवापाण्याच्या गप्पा उरतील.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्येही हे दिसतं. मार्कच्या पाचव्या अध्यायात, भुतांपासून सुटलेला तो माणूस येशूबरोबर जायला निघतो. येशू त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग म्हणतो. तुझ्यासाठी. त्याच मार्कच्या पहिल्या अध्यायात शुद्ध झालेल्या कुष्ठरोग्याला मात्र कोणाला काही सांगू नकोस अशी ताकीद मिळते. दोन माणसं, दोन वेगळ्या आज्ञा, आणि दोन्ही वेळा बोलणं होतं ते ज्याची गोष्ट त्याच्याशीच. शेजाऱ्याची साक्ष शेजाऱ्याने द्यायची.

नाव न लिहिता लिहिलं तर चालेल का, असं तुझ्या मनात येईल. मिरजेत तिला कोणी ओळखणार नाही, हे खरं. पण ती स्वतः स्वतःला ओळखेल, आणि त्या घरात आज राहणारे सगळे ओळखतील. मोजक्या माणसांच्या घरात "एक मैत्रीण" म्हटलं तरी बोट तिच्याकडेच जातं. म्हणून नियम सोपा ठेव: आधी विचार. "माझी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करायला तयार आहे, काय सांगू?" पुष्कळ माणसं हो म्हणतील आणि काय सांगायचं ते स्वतःच ठरवून देतील. नाही म्हणाली तर तू एकटी प्रार्थना कर, किंवा तुला सध्या जमत नसेल तर तिच्या वाट्याची भांडी घास.

ही बाब मी एवढी ताणून का धरते, याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बालविधवांनी राहून शिकावं म्हणून काढलेलं ते घर. खर्चाचा मोठा भाग अमेरिकेतल्या मदतमंडळांकडून येत होता आणि सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. तिकडच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात मजकूर आला की सदनातल्या काही विधवा मुलींना ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटू लागली आहे. ज्यांनी तो छापला त्यांना तो शुभवर्तमानासारखाच वाटला असेल. पैसे देणाऱ्यांना आनंद होईल अशी बातमी. ती फिरून पुण्यात आली, केसरीने उचलली आणि सदनाविषयी संशय पेटला. पुढे १८९३मध्ये, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं तेव्हा रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुलींना सदनातून काढून नेलं. त्या वादात इतर कारणंही होती, सगळा दोष एका बातमीवर टाकणं बरोबर होणार नाही. पण ज्या मुलींच्या मनातलं छापलं गेलं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि शिक्षण सुटलं ते मुलींचं. रमाबाईंचं काम पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलं. परत नेलेल्या त्या मुलींपैकी कितींच्या हाती पुन्हा पुस्तक आलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा बातमी महाराष्ट्रातून अमेरिकेला गेली होती, आता ती स्वित्झर्लंडहून मिरजेला येते. मधला दुवा तोच आहे: मदत करणाऱ्यांना फळ दाखवण्याची ओढ. तुझ्या पाळकसाहेबांनी "किती जण प्रभूकडे आले" असं विचारलं ते त्यातूनच. त्यांना दोष देऊ नकोस. मंडळीने पैसे दिलेत आणि मंडळी त्यांना विचारत असणार. पण हे सदर वाचणाऱ्या पाळकांना आणि पंचांना मी इथेच सांगते, बाहेर शिकायला पाठवलेल्या तरुणांकडून साक्षी या पावतीसारख्या मागू नका. दर शनिवारी साक्ष हवी म्हटलं की मुलं एकतर रंगवून लिहितात किंवा दुसऱ्यांच्या जखमा लिहितात.

मंडळीला हिशेब मिळायला हवाच, आणि तू तो अगदी भरभरून देऊ शकतेस. पैसे कुठे गेले, दिवस कसा जातो, काय वाचते आहेस, कोणतं काम वाट्याला येतं, हे सगळं तुझं आहे. पहिल्या आठवड्यात तू डोंगर आणि जेवण लिहिलंस ते "ठीक" नव्हतं, तीच खरी बातमी होती. जरा जास्त खोलात जाऊन लिही. आमच्या महिला मंडळाच्या बायकांना विचारशील तर त्यांना हेच हवं असतं: चूल कोण सांभाळतं, इतक्या माणसांचा भात कोणत्या भांड्यात शिजतो, पुरुष भांडी घासतात का, पोर आजारी पडलं तर कोण बघतं. तू तिथे पिठलं करून घातलं असशील तर ते लिही आणि कोणी दुसऱ्यांदा मागितलं तेही लिही. खिडकीतून दिसणाऱ्या दाँ द्यु मिदीच्या सुळक्यांबद्दल लिही. एग्ल आणि ओलों ही गावं सोडून व्हिलारकडे चढणाऱ्या त्या रस्त्यावर असं घर कसं उभं राहिलं, हे मिरजेत कोणाला ठाऊक असणार?

ती गोष्टच दोन-तीन शनिवारांना पुरेल. फ्रान्सिस आणि ईडिथ शेफर हे अमेरिकन मिशनरी जोडपं १९४८मध्ये स्वित्झर्लंडला आलं. शांपेरी नावाच्या कॅथलिक गावात राहत असताना गावातला एक प्रतिष्ठित माणूस त्यांच्या बोलण्याने प्रॉटेस्टंट विश्वासाकडे वळला आणि १९५५मध्ये, गावावर धार्मिक प्रभाव टाकता म्हणून, त्यांना व्हाले प्रांत सोडायचा हुकूम आला. लहान मुलांसह बाडबिस्तरा उचलून ते शेजारच्या व्हो प्रांतात, ह्युएमोला आले. थोरली मुलगी लोझानच्या विद्यापीठात शिकत होती. ती आपल्या मित्रमैत्रिणींना सुटीला घरी आणायची, ते प्रश्न विचारायचे, आई जेवायला घालायची, बाप उत्तरं द्यायला बसायचा. त्यातूनच त्याच वर्षी लाब्री सुरू झालं. पैशासाठी कोणाकडे हात पसरायचा नाही, गरज देवापुढे मांडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ईडिथबाई वर्षानुवर्षं प्रार्थना करणाऱ्या कुटुंबांना लांबलचक पत्रं लिहीत राहिल्या, म्हणजे तू करते आहेस त्या कामाला तिथे जुनी परंपराच आहे. आता इंग्लंड, नेदरलँड्स, अमेरिका, कोरिया अशा ठिकाणीही लाब्रीची घरं आहेत. आपल्याकडेही अशी घरं झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये साताऱ्यात देवाचा दरबार भरवला तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. वडीलधाऱ्या मंडळींना टिळक माहीत असतात. तो धागा दिलास की लाब्री त्यांना परकं वाटणार नाही.

पाळकसाहेबांना काय लिहायचं याचा मसुदा देते, हवा तसा बदल. "साहेब, सलाम. मागच्या वेळी मी मैत्रिणीची खाजगी गोष्ट तिला न विचारता लिहिली आणि तिला त्रास झाला. पुढे मी इथल्या कोणाबद्दलही त्यांच्या परवानगीशिवाय लिहिणार नाही. किती जण प्रभूकडे आले हे मला सांगता येणार नाही, कारण हे सुवार्ता सभेचं ठिकाण नाही. इथे विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे दोघेही प्रश्न घेऊन येतात आणि वेळ घेतात. मी काय शिकते, काय काम करते आणि मंडळीचे पैसे कसे खर्च होतात हे दर आठवड्याला मनापासून कळवेन." नम्रपणे लिही, पण त्यात 'जमल्यास', 'शक्यतो' असले शब्द घालू नकोस.

आता तुझ्या स्वतःच्या प्रार्थनेचं. यावर मी घाईने काही बोलणार नाही. पण तू ज्या घरात बसून हे लिहिलंस त्याचा पाया कशावर घातलाय ते तरी ऐक. १९५१च्या सुमारास, शांपेरीला असताना, फ्रान्सिस शेफर स्वतः अडकले होते. पाळक होते, मिशनरी होते, घरात मुलं होती, आणि आपण सांगतो ते खरं आहे का याची त्यांना खात्री उरली नव्हती. त्यांनी बायकोला तसं सांगितलं. मग घराच्या माळ्यावर, वाळल्या गवताच्या कोठारात, पावसाळी दिवसांत फेऱ्या मारत त्यांनी सगळा विश्वास पहिल्यापासून तपासून पाहिला. त्याला महिने लागले. ते दिवस आले नसते तर लाब्री झालंच नसतं, असं ते पुढे सांगत. तेव्हा तुझ्या मनात जे चाललंय त्याची त्या घराला नवलाई नाही. तुला नेमून दिलेले जे मार्गदर्शक आहेत त्यांच्याशी आठवड्याला बसतेस ना? त्यांना हेच सांग, मला प्रार्थना करता येत नाही. तिथे जाऊन पुस्तकांवरच बोलत राहिलीस तर तीन महिने वाया जातील.

ग्रुपवर मात्र हे लिहू नकोस. यात लाज वाटण्यासारखं काही आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ते अजून कच्चं आहे, आणि कच्च्या गोष्टीवर दोनशे माणसं सल्ले द्यायला लागली की ती तिथेच आंबते. शिवाय ते वाचलं जाईल तेव्हा बाबा पहिल्या बाकावर बसलेले असतील आणि सगळे मान वळवून त्यांच्याकडे बघतील. स्वतःच्या मुलीचं मन चर्चमधल्या माईकवरून कळणं, हे कोणत्याही बापाच्या वाट्याला येऊ नये.

आणि "खूप आशीर्वाद दिला" हे लिहिणंही थांबव. तुला ते खोटं वाटतं, म्हणजे ते खोटं आहे. लिहायला खऱ्या गोष्टी आहेत की. "या आठवड्यात अभ्यास जड गेला." "मला अजून पुष्कळ गोष्टी कळायच्या आहेत, माझ्यासाठी प्रार्थना करा." यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि ज्याला समजायचं त्याला समजेल. सगळं सांगितलं नाही म्हणजे फसवलं, असं नसतं.

बाबांना मात्र सांग, आणि ते तू परतण्याआधी. ते मंडळीत वडील आहेत म्हणून घाबरतील, असं तू धरून चालली आहेस. मला उलट वाटतं की इतकी वर्षं मंडळीत वडील म्हणून काम केलेल्या माणसाने आजाऱ्यांच्या उशाशी बसून, तरुण मृत्यूंच्या घरी जाऊन, असे प्रश्न ऐकलेच असतील. स्वतःलाही विचारले असतील. घरी कधी बोलले नाहीत इतकंच. आधी आईला सांगावंसं वाटलं तर आईला सांग. रविवारी दुपारी फोन करू नकोस, तेव्हा उपासनेनंतरची माणसं घरी असतात आणि ते बाहेरच्या खोलीत बसून बोलतील. मधल्या वारी, रात्रीचं जेवण झाल्यावर कर. पहिल्याच फोनमध्ये सगळं बोलून संपवायची गरज नाही.

स्थळाचं म्हणशील तर त्यांना इतकंच सांग की मी परत येईपर्यंत होकार कळवू नका. मुलाला भेटशील तेव्हा हा विषय तू स्वतः काढ. ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळी शास्त्रपाठ आणि प्रार्थनेला बसायचं, त्याला तुझे प्रश्न ठाऊक असायला हवेत, आणि ते ऐकून तो काय करतो हे तुलाही दिसायला हवं.

या शनिवारी काही पाठवू नकोस. त्या मुलीशी बोलणं झालं की पाळकसाहेबांचं पत्र जाऊ दे, आणि पुढच्या शनिवारपासून पुन्हा सुरू कर. चार ओळींनी सुरुवात केलीस तरी पुरे.

तुझी,
मावशी